स्वाक्षरी, शिक्का आणि सहपत्र

महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या किंवा एखाद्या साहित्यसंस्थेच्या पत्त्यावरून येणाऱ्या ईमेलला आता एक ठरावीक रूप आले आहे. मजकूर दोन ओळींचा असतो: लेख मिळाला, निर्णय कळवू. त्याखाली पाठवणाऱ्याचे नाव, हुद्दा, पत्ता, दूरध्वनी आणि सर्वांत शेवटी संस्थेचे बोधचिन्ह. यादीत मात्र त्या पत्रापुढे कागद अडकवण्याच्या क्लिपची खूण उमटलेली असते. काहीतरी जोडून आले आहे असे समजून आपण ते उघडतो, तर 'इमेज००१.पीएनजी' अशा नावाची एक फाइल निघते आणि तिच्यात तेच बोधचिन्ह असते. कधी याहून वाईट घडते. पत्राच्या तळाशी बोधचिन्हाच्या जागी नुसती रिकामी चौकट दिसते आणि चित्र तेथून निसटून जोडपत्रांच्या रांगेत जाऊन बसलेले असते.

या प्रकाराकडे आपण संगणक सांभाळणाऱ्या माणसाची बाब म्हणून पाहतो. तो येतो, दोन ठिकाणी काही बदलतो, आठवडाभर सर्व ठीक चालते आणि पुन्हा कोणाकडून तरी तक्रार येते. माझे म्हणणे असे आहे की, ही अडचण मुळात वाचनाची आहे आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्यात लक्ष घालणे अस्थानी ठरू नये. पत्रातील कोणता भाग पत्राचा आणि कोणता पत्राला जोडलेला, असा तो प्रश्न आहे. संगणक त्याचे उत्तर नियमाने देतो. आपण मात्र तो प्रश्न स्वतःला कधी विचारला नाही आणि त्यापायी आपले नाव अक्षरांतून उठून चित्रात जाऊन बसले, याची दखलही घेतली नाही.

पत्राच्या शेवटी होणाऱ्या या व्यवहारासाठी मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. 'सही' हा अरबी-फारसीच्या वाटेने आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ 'बरोबर', 'खरे'. सही करणे म्हणजे वर जे लिहिले आहे ते बरोबर आहे असे म्हणणे. 'स्वाक्षरी' हा संस्कृत घडणीचा शब्द. स्वतःचे अक्षर, हाच त्याचा अर्थ. तिसरा 'शिक्कामोर्तब'. आज तो आपण मान्यता या एकाच अर्थाने वापरतो, परंतु जुन्या मराठी पत्रव्यवहारात मुद्रा आणि मोर्तब या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे मुद्रा सांगे. मोर्तब मजकुराच्या अखेरीस उमटे आणि त्याचे काम सीमा आखण्याचे होते. मजकूर येथे संपला. याखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती या पत्राची नव्हे. शिक्का दिसायला चित्रासारखा असला तरी पत्राच्या रचनेत त्याची जागा ठरलेली होती, आणि त्या शिक्क्यावरही अक्षरेच कोरलेली असत.

चौथा शब्द कार्यालयीन मराठीने दिला, तो 'सहपत्र'. शासकीय पत्राच्या तळाशी 'सहपत्रे : २' किंवा 'सोबत : वरीलप्रमाणे' असे लिहिण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. या रुक्ष ओळीमागे एक विवेक आहे. जोडलेली वस्तू पत्राने स्वतः जाहीर केली पाहिजे. आवक-जावक पाहणारा लिपिक तो आकडा वाचतो, कागद मोजतो आणि एक जरी कमी भरला तरी पत्र अपुरे आल्याची नोंद करतो. बोधचिन्ह जोडपत्र होऊन येते तेव्हा या दोन्ही व्यवस्थांचा एकदम भंग होतो. शिक्का सहपत्रांत जाऊन पडतो आणि ते सहपत्र पत्राने जाहीर केलेले नसते.

हा घोटाळा कोठून आला हे समजण्यासाठी ईमेलच्या घडणीकडे थोडे पाहावे लागेल. १९८२ सालच्या आरएफसी ८२२ या मानकाने ईमेलचे जे रूप पक्के केले त्यात पत्राचा मजकूर म्हणजे आस्की संचातील अक्षरे: इंग्रजी मुळाक्षरे, अंक आणि विरामचिन्हे. चित्राला तेथे जागा नव्हती हे खरेच. पण आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की 'क'लाही जागा नव्हती. १९९२ च्या जून महिन्यात नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी लिहिलेले 'माइम' हे मानक प्रसिद्ध झाले. त्याने दोन उणिवा भरून काढल्या. इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या लिप्या पत्रात येऊ शकल्या आणि एका पत्रात अनेक प्रकारचे भाग एकत्र बांधता आले. त्याच वर्षीच्या ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी नव्या पद्धतीचे पत्र पाठवले; ते स्वतः ज्यात गात त्या चौघांच्या गायकसंचाचे छायाचित्र आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण त्याला जोडलेले होते. जोडपत्राचा आरंभ असा मुद्दाम पाठवलेल्या भेटीने झाला.

म्हणजे मराठी अक्षर ज्या दाराने ईमेलमध्ये आले त्याच दाराने बोधचिन्हही आले. दोघांचा प्रवासही पुष्कळदा एकाच रीतीने होतो. देवनागरी मजकूर असो वा चित्र, पाठवताना ते बहुधा 'बेस६४' नावाच्या पद्धतीने साध्या इंग्रजी अक्षरांत उतरवले जाते. मूळ तीन बाइटांची चार अक्षरे होतात. प्रवासात दोन्ही सारखीच निरर्थक दिसतात. पलीकडे पोहोचल्यावर हे मजकूर आहे, ते चित्र आहे, हे येथे दाखवायचे आणि ते बाजूला ठेवायचे, हा निवाडा प्रत्येक भागाच्या डोक्यावर लावलेल्या एका छोट्या चिठ्ठीवरून होतो. बोधचिन्हाची सारी कथा त्या चिठ्ठीची आहे.

चिठ्ठीत 'कंटेंट-डिस्पोझिशन' नावाची एक ओळ असते. १९९७ च्या आरएफसी २१८३ ने तिचे अर्थ निश्चित केले. 'इनलाइन' म्हटले तर तो भाग मजकुरातच दाखवायचा, 'अटॅचमेंट' म्हटले तर वेगळा ठेवायचा. पाठवणाऱ्याच्या प्रणालीने बोधचिन्हावर दुसरा शब्द लिहिला की ते जोडपत्र झाले. दुसरी बाब गठ्ठ्याची. 'मल्टिपार्ट/रिलेटेड' अशा नावाने बांधलेल्या गठ्ठ्यातील भाग एकमेकांवर अवलंबून आहेत, असे धरले जाते. 'मल्टिपार्ट/मिक्स्ड' म्हटले की ते केवळ शेजारी ठेवलेले स्वतंत्र भाग ठरतात, आणि अशा गठ्ठ्यातील चित्राला जोडपत्र समजण्यात स्वीकारणाऱ्याची काही चूक नसते. तिसरी बाब खुणेची. मजकुरात ज्या जागी चित्र हवे तेथे त्या चित्राचा 'कंटेंट-आयडी' लिहिलेला असतो आणि चित्राच्या चिठ्ठीवरही तोच असावा लागतो. दोन्ही जुळले नाहीत तर मजकुरात रिकामी चौकट उरते आणि चित्र अनाथ होते.

काही वेळा चिठ्ठी निर्दोष असूनही हेच घडते. पत्र 'प्लेन टेक्स्ट' रूपात पाठवले अथवा वाचले गेले तर मांडणी सांगणारा एचटीएमएलचा भाग उरत नाही. चित्राला बसायला जागाच नसल्यामुळे ते बाहेर राहते. आउटलुकमधून 'रिच टेक्स्ट' रूपात निघालेले पत्र दुसऱ्या प्रणालीत गेले तर चित्रासकट सर्व काही 'विनमेल.डॅट' नावाच्या न उघडणाऱ्या पुडक्यात बांधून येऊ शकते. वाटेत एखादा सर्व्हर पत्राच्या तळाशी गोपनीयतेची सूचना चिकटवतो आणि तसे करताना गठ्ठा सोडून पुन्हा वेगळ्या रीतीने बांधतो. शिवाय वाचणाऱ्याच्या प्रणालीला स्वतःचेही मत असते. 'इनलाइन' लिहिलेले चित्र योग्य जागी दाखवूनही यादीत क्लिपची खूण करणाऱ्या प्रणाली आहेत. पाठवणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी हा शेवटचा निवाडा त्याच्या हातात नसतो.

ज्यांना बोधचिन्ह ठेवणे भाग आहे त्यांनी निदान एवढे करावे. पत्राचे रूप एचटीएमएल ठेवावे. चित्र इतर कोठून उचलून पत्रात चिकटवण्याऐवजी स्वाक्षरीच्या व्यवस्थेतूनच घालावे. त्याचा आकार लहान ठेवावा आणि चित्राऐवजी वाचता येईल असा पर्यायी मजकूर त्याला द्यावा. नव्या पत्रासाठी एक आणि उत्तरासाठी दुसरी अशा दोन स्वाक्षऱ्या ठेवण्याची सोय आउटलुक व जीमेल दोहोंत आहे. उत्तराच्या स्वाक्षरीत चित्र मुळीच नसावे. मग दोन-तीन वेगवेगळ्या सेवांवरील पत्त्यांवर पत्र पाठवून पाहावे आणि दोष दिसलाच तर पत्राचे मूळ रूप उघडून वरील तीन बाबी तपासाव्यात. एवढ्याने पुष्कळशा तक्रारी मिटतात.

पळवाटा दोन सांगितल्या जातात. पहिली अशी की चित्र पत्रात न घालता संकेतस्थळावर ठेवावे आणि पत्रात त्याचा दुवा द्यावा. जोडपत्राचा प्रश्न याने संपतो, पण आउटलुकसारख्या प्रणाली बाहेरून येणारी चित्रे आपण होऊन उघडत नाहीत. त्यांच्या या सावधपणालाही कारण आहे. चित्र मागवले गेले म्हणजे पत्र उघडले गेले, ही नोंद चित्र ठेवणाऱ्याकडे होऊ शकते आणि जाहिरातदारांनी या युक्तीचा मनसोक्त उपयोग करून घेतला आहे. जीमेलने २०१३ च्या डिसेंबरपासून अशी चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवण्यास सुरुवात केली, ती वाचणाऱ्याची माहिती परस्पर बाहेर जाऊ नये यासाठीच. दुसरी पळवाट म्हणजे चित्राची सारी अक्षरे एचटीएमएलच्या मजकुरातच गुंफणे. जीमेलसारखी मोठी सेवा तशी चित्रे दाखवत नाही. दोन्ही वाटा अखेर त्याच रिकाम्या चौकटीपाशी येऊन थांबतात.

येथे ज्यांना जेरार जेनेत आठवला असेल त्यांना तो योग्य ठिकाणी आठवला असे मी म्हणेन. 'उंबरठे' अशा अर्थाचे नाव असलेल्या १९८७ च्या ग्रंथात त्याने संहितेच्या अवतीभवती असणाऱ्या मजकुराचा, म्हणजे लेखकाचे नाव, शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठ यांचा विचार 'पॅराटेक्स्ट' या संकल्पनेखाली केला आणि त्याचे दोन भाग पाडले: पुस्तकाच्या आत असणारा आणि पुस्तकाबाहेर, म्हणजे मुलाखती, पत्रे इत्यादींत असणारा. स्वाक्षरीतील बोधचिन्ह या दोहोंच्या मध्ये लोंबकळते. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर ते पत्राच्या आत असते आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर बाहेर. छापील पुस्तकाच्या बाबतीत आत आणि बाहेर यांचा निर्णय बांधणी करते. येथे तो प्रत्येक वाचकाची प्रणाली नव्याने करते. तेव्हा मजकुराची सीमा वाचकागणिक बदलत असेल, तर ज्याच्यावाचून पत्राचे काही अडत नाही एवढेच त्या सीमेवर ठेवावे. लिहिणाऱ्याचे नाव अशा ठिकाणी ठेवू नये.

झाक देरिदाने १९७१ साली मॉन्ट्रियल येथे वाचलेल्या स्वाक्षरीविषयक निबंधात मांडले की, स्वाक्षरी चालण्यासाठी ती पुन्हा पुन्हा करता येण्याजोगी असावी लागते. ज्या क्षणी ती केली त्या क्षणापासून ती सुटी होऊ शकली पाहिजे. ईमेलच्या स्वाक्षरीत ही पुनरावृत्ती यंत्राकडे गेली. आपण पत्र लिहिण्यापूर्वीच स्वाक्षरी पानावर हजर असते. अक्षरांची पुनरावृत्ती स्वस्त आहे. चित्राची तशी नाही. साठ किलोबाइटचे बोधचिन्ह बेस६४ मध्ये सुमारे ऐंशीचे होते. दोन प्राध्यापकांमध्ये वीस पत्रांची देवाणघेवाण झाली, प्रत्येक उत्तरात आधीचा सारा मजकूर राहिला आणि प्रत्येकाने आपले चित्र जोडले, तर विसाव्या पत्रात वीस चित्रे असतील आणि सर्व पत्रे मिळून दोनशे दहा. म्हणजे जवळपास सतरा मेगाबाइट. वीस पत्रांतील खरा मजकूर एका पुस्तकाच्या दहा पानांत मावेल.

पण जागा ही यातील सर्वांत लहान हानी आहे. मोठी हानी क्लिपच्या खुणेची. त्या खुणेचा अर्थ 'येथे काही जोडले आहे' असा होता. आता तिचा अर्थ 'पाठवणारा एखाद्या संस्थेत नोकरीला आहे' एवढाच उरला आहे. यात बळी कोणाचा जातो पाहा. संशोधक विद्यार्थिनी अखेरच्या दिवशी रात्री उशिरा चर्चासत्रासाठी पत्र लिहिते, 'सोबत निबंध जोडला आहे' असे नमूद करते आणि घाईत निबंध जोडायचाच राहतो. पाठवलेल्या पत्रांच्या यादीत तिला क्लिप दिसते, कारण विभागाचे बोधचिन्ह स्वाक्षरीत आहे. ती निश्चिंत होते. संयोजकांनाही क्लिप दिसते. तेही निश्चिंत होतात. पत्र उघडून तपासेपर्यंत मुदत टळलेली असते. खूण खोटी नव्हती, तिने सांगितले ते खरेच होते. फक्त ते कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. 'सहपत्रे : १' ही ओळ ज्या दुर्लक्षापासून वाचवी तेच दुर्लक्ष येथे यंत्राच्या साक्षीने पक्के होते.

दुसरी हानी दृष्टिहीन वाचकाची. पडदावाचक प्रणाली मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. चित्राला पर्यायी मजकूर दिलेला नसेल तर ती नुसते 'चित्र' म्हणते किंवा फाइलचे नाव उच्चारते. संस्थेचे नाव केवळ बोधचिन्हातच असेल तर त्या वाचकाला पत्र कोणत्या संस्थेतून आले हे पत्राच्या मजकुरावरून कळतच नाही. उच्च शिक्षणात आज असे अनेक विद्यार्थी आणि शिक्षक आहेत. त्यांना आपण आपले नाव सांगत नाही आणि तसे सांगत नाही हे आपल्या लक्षातही येत नाही.

तिसरी हानी उद्याच्या अभ्यासकाची. मराठीला पत्रे जपण्याची चांगली परंपरा आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढण्यास प्रारंभ केला तेव्हा दप्तरांतील पत्रे हाच त्यांचा मुख्य आधार होता. १९८७ साली जी. ए. कुलकर्णी गेल्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले आणि त्या लेखकाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यांनी समृद्ध केली. आजचे लेखक, संपादक, प्रकाशक ईमेल लिहितात. पन्नास वर्षांनी कोणी ती पत्रे वाचायला घेतली तर जोडपत्रांच्या शोधात त्याला काय सापडेल? एखाद्या कवितेचा पहिला खर्डा शोधताना त्याला इमेज००१ पासून इमेज००९ पर्यंत एकच बोधचिन्ह शेकडो वेळा भेटेल. संकेतस्थळावर दुवा दिलेले चित्र असेल तर तेही नाही. त्या संकेतस्थळाचा पत्ता तोवर राहिलेला नसेल.

आक्षेप दोन येतील. पहिला असा की, बोधचिन्ह ही संस्थेची ओळख आहे आणि पत्राला तिच्यामुळे अधिकार येतो. छापील लेटरहेडच्या काळात हे बऱ्याच अंशी खरे होते. तो कागद मिळवणे सर्वांना शक्य नव्हते. ईमेलमध्ये बोधचिन्ह कोणीही उचलून कोठेही लावू शकतो आणि बँकांच्या नावे फसवणारी पत्रे तर बोधचिन्हे सर्वांत नीट लावतात. खरा शिक्का आता वेगळ्या ठिकाणी असतो. २००७ साली मानक झालेली 'डीकेआयएम' ही पद्धत पत्राच्या शीर्षभागात एक गणिती स्वाक्षरी लिहिते. पत्र त्या डोमेनच्या मान्यतेनेच निघाले का आणि स्वाक्षरीने झाकलेला मजकूर वाटेत बदलला का, हे तिच्यावरून पडताळता येते. आपल्या देशात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला वैधता दिली, तीही अशाच गणिती प्रक्रियेला, चित्राला नव्हे. बोधचिन्ह दाखवायचेच असेल तर ते पत्राबाहेर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी, पडताळणी करून दाखवण्याची 'बीआयएमआय' ही व्यवस्था आहे आणि जीमेलने तिचा स्वीकार २०२१ च्या जुलैत केला. मुद्रा पत्राच्या माथ्याशी, अधिकाराची खूण म्हणून: आपल्या जुन्या लेखकांना ही मांडणी परकी वाटली नसती.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे आणि तो खास आपला आहे. मराठी संस्थांची नावे चित्रात गेली ती हौसेने नव्हे, गरजेने. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, परंतु पुढे कितीतरी वर्षे आपली कार्यालये वेगवेगळ्या फॉन्टांवर चालली. एका फॉन्टात लिहिलेले मराठी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होऊन उमटे. अशा वेळी संस्थेचे नाव बिनचूक पोहोचवण्याचा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे त्याचे चित्र करणे. बोधचिन्हाच्या वर्तुळात कोरलेले नाव आणि ब्रीदवाक्य ही त्या काळी देवनागरीची सुरक्षित जागा होती. तेव्हा ज्यांनी ती सवय लावली त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

मात्र ते कारण आता उरलेले नाही. आज साध्या भ्रमणध्वनीवरही युनिकोड देवनागरी नीट उमटते, शोधता येते, वाचून दाखवता येते. तरीही आपल्या विद्यापीठीय पत्रांची स्वाक्षरी पाहावी: नाव इंग्रजीत, हुद्दा इंग्रजीत, पत्ता इंग्रजीत आणि मराठी असेल तर ती फक्त बोधचिन्हाच्या वर्तुळात, चित्ररूपाने. मराठीचा विभागही याला अपवाद असतोच असे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, तेव्हा अभिनंदनाची पत्रे सर्वत्र फिरली. ज्या भाषेचे अभिनंदन करायचे तिच्यात स्वतःचे नाव लिहिलेले नसावे, हे मला बोधचिन्हाच्या घसरण्याहून अधिक खटकते. माइमने दिलेल्या दोन गोष्टींपैकी चित्र आपण हौसेने घेतले आणि अक्षर तसेच पडू दिले.

या दृष्टीने पाहता स्वाक्षरीतून चित्र निसटून जोडपत्रांत जाते तेव्हा यंत्र आपल्याला एक खरी गोष्ट सांगत असते. ते चित्र पत्राचे नव्हतेच. आपण ते जोडले होते. दुरुस्ती करून त्याला पुन्हा आत बसवता येते आणि कसे ते वर सांगितले आहे. पण अधिक चांगली दुरुस्ती त्याला निरोप देणे ही आहे.

मग स्वाक्षरी कशी असावी? १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या आरएफसी १८५५ या शिष्टाचारविषयक टिपणात तिची मर्यादा साधारण चार ओळी सांगितली होती. तेव्हा अनेक जण जोडणीचे पैसे मिनिटांच्या हिशेबाने भरत. आपल्याकडे त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते आणि त्या मंद जोडणीवर एकेका ओळीचे मोल कळत होते. त्या काळापासून चालत आलेला आणखी एक संकेत आहे, त्याची नोंद २००४ च्या आरएफसी ३६७६ मध्येही आढळते. मजकूर संपला की एका ओळीवर दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा, त्याखाली स्वाक्षरी. तो ओळखणारी प्रणाली उत्तर लिहिताना त्या खुणेखालचा भाग आपोआप गाळते. ज्यांनी ही रीत पाडली त्यांना मोर्तब ठाऊक असण्याचे कारण नाही, पण काम तेच आहे: मजकूर येथे संपला, हे सांगणे.

त्या खुणेखाली चार ओळी पुरतात. नाव, देवनागरीत. हुद्दा आणि विभाग. संस्थेचे पूर्ण नाव, अक्षरांत लिहिलेले. संपर्काचा एक क्रमांक किंवा पत्ता. ज्यांचा पत्रव्यवहार परप्रांतांत वा परदेशांत चालतो त्यांनी नावापुढे तेच रोमन लिपीत लिहावे. यातील काहीही कोठे निसटणार नाही, कोणत्याही प्रणालीत रिकामी चौकट उमटणार नाही आणि पत्रापुढे क्लिप दिसली तर तिचा अर्थ पुन्हा एकच राहील.

हा बदल करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही असे मात्र नाही. अनेक संस्थांत स्वाक्षरीचा नमुना वरून ठरून येतो आणि बोधचिन्ह त्यात सक्तीचे असते. तेथे विभागांनी लेखी मागणी करावी आणि तिची कारणे तांत्रिक म्हणून न मांडता शैक्षणिक म्हणून मांडावीत: हरवणारे निबंध, नाव ऐकू न येणारे वाचक, न शोधता येणारी पत्रे आणि चित्रात कोंडलेली लिपी. अक्षर आणि अर्थ यांचा संबंध शिकवणे हे आपले काम आहे. आपल्या नावापुरता तरी तो संबंध आपण सांभाळावा, अशी अपेक्षा विद्यार्थ्यांनी ठेवली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.